सियागंजातली रेडियमची जाकिटे: एका हंगामानंतर

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिमरोल गावाच्या पुढे आमचे शेत आहे. कामावरून परतणारे मजूर, श्रावणात ओंकारेश्वरहून येणारे कावडिये, सोयाबीनच्या ट्रॉल्या आणि भरधाव ट्रक या सगळ्यांना तिथे एकच रस्ता आहे. गेल्या आषाढात तिन्हीसांजेला आमच्याच गाडीपुढे आमच्याच शेतावरची एक बाई अगदी शेवटच्या क्षणी दिसली, आणि दुसऱ्याच दिवशी मी इंदूरच्या सियागंज बाजारातून रेडियमची सहा जाकिटे व ट्रॉलीसाठी दोन इंची पट्टीचे एक रीळ आणले. (या पट्टीत रेडियम नावालाही नसते, बारीक काचमणी किंवा सूक्ष्म लोलक असतात, पण बाजारात तोच शब्द चालतो.)

पहिल्या खेपेस फसगत झाली. पोपटी कापड दिवसा डोळ्यांत भरत होते, परंतु त्यावरच्या करड्या पट्ट्या म्हणजे निव्वळ रंग निघाला. पोपटी रंगाची ती झळाळी सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे येते, त्यामुळे अंधारात तिचा उपयोग नाही. रात्री काम करतात त्या करड्या पट्ट्याच, कारण चांगली पट्टी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. म्हणूनच दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काहीच कळत नाही. मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी, कानशिलाला टेकवून धरावी आणि दहा पावलांवरून पाहावे; पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी दिसली तरच पैसे द्यावेत. दुसरी जाकिटे मी अशीच पारखून घेतली, प्रत्येकी एकशे साठ रुपयांना.

घरी परतताना भावाला डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली ठेवून, गाडी चालवायला सांगून आम्ही पाहिले, तेव्हा गडद लुगडे सुमारे चाळीस पावलांवर दिसले, जाकीट मात्र दोनशे पावलांवरूनही. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते, आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक-दीड सेकंद निघून जातो, हे लक्षात घेतले की या फरकाची किंमत कळते.

तरीही जाकिटाला मी पूर्ण गुण देणार नाही. बायकांचा पदर खांद्यावरची पट्टी झाकतो, पाठीवर चाऱ्याचा भारा असला की मागची पट्टी दिसत नाही, आणि वेल्क्रो दोन महिन्यांत सुटले. त्यापेक्षा उरलेली जुनी पट्टी कापडावर शिवून घोट्याला बांधली, ती अधिक उपयोगी पडली, कारण वरखाली हलणारे दोन ठिपके पाहताच तो खांब नसून चालणारा माणूस आहे हे चालकाला कळते. अर्थात समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने चालायचे, हे पट्टी असली तरी सुटत नाही.

ट्रॉलीच्या पट्टीबद्दल मात्र तक्रार नाही. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी अशी ती लावायची असते. आम्ही गंज खरवडून, पत्रा पुसून कोरडा करून उन्हात लावली, म्हणून पाऊसभर टिकली. फक्त चिखल बसला की ओल्या फडक्याने पुसावी लागते, नाहीतर ती असून नसल्यासारखीच. रिळातली वीतभर उरलेली लाल पट्टी आमच्या सालदाराने कोणाला न विचारता आपल्या सायकलच्या मागच्या मडगार्डावर लावून टाकली आहे.