शोकावरचं फॅंटसी कॉमिक: राक्षस, प्रवास की भेट?

मनावरचा आघात, शोक आणि त्यातून सावरणं यावर फॅंटसी कॉमिक लिहायला बसलेले बहुतेक जण आधी पात्रांचे पोशाख, जगाचा नकाशा आणि शक्तींची यादी करतात. ही कामं पुढे होतातच. आधी ठरवायची गोष्ट एकच आहे: तुमच्या जगातली जादू मृत्यूच्या बाबतीत काय करू शकते आणि काय करू शकत नाही. या एका नियमावर कथा किती पानांची होईल, शेवट कसा होईल आणि ज्याचं माणूस खरंच गेलं आहे असा वाचक ती सहन करू शकेल की नाही, हे सगळं ठरतं.

नियमाचे तीन प्रकार सहसा समोर येतात. दुःखाला राक्षस करायचं, गेलेल्याला परत आणायच्या प्रवासाला निघायचं, किंवा गेलेला ठरल्या दिवशी भेटायला येतो असं मानायचं. तिन्ही एकाच कथेवर ताडून पाहू. कथा कल्पित आहे, पण आपल्याकडची. खान्देशातल्या गिरणा नदीच्या काठावरचं गाव. बारा वर्षांची वैशू. वाळू उपसून नदीच्या पात्रात जे खोल खड्डे पडतात, त्यातल्या एकात तिचा सोळा वर्षांचा भाऊ बुडाला. ती काठावर उभी होती. तेव्हापासून वाळूच्या ट्रॅक्टरचा आवाज आला की तिचे हातपाय गार पडतात. नदीकडे ती फिरकत नाही. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. ट्रॅक्टरच्या आवाजाने गार पडणं हा आघात आहे: घडून गेलेलं अजून घडतंय असं शरीराला वाटतं. भावाचं नाव न काढणं हा शोक आहे: तो नाही, हे घराला अजून सोसत नाही. दोन्हींना एकच जादू लावली की कथा फसते.

राक्षस

डोहात काहीतरी राहतं, त्याने भावाला गिळलं. वैशूला एखादं हत्यार किंवा शक्ती मिळते, ती लढते, जिंकते. हा मार्ग सगळ्यात सोपा दिसतो, आणि त्याचे फायदे खरे आहेत. चित्रकाराला काम करायला भरपूर वाव मिळतो, लहान वाचक पान सोडत नाहीत, चोवीस पानांत कथा पूर्ण होते.

अडचण शेवटच्या पानावर येते. राक्षस मेला, मग पुढे काय? भाऊ तर आलाच नाही. शोक हा शत्रू नसतो. तो त्या माणसावरच्या मायेचाच उरलेला भाग असतो, आणि त्याला भाल्याने मारलेलं दाखवलं की वाचकाला वाटतं, मी अजून रडतोय म्हणजे मीच कमी पडलो.

आघातासाठी मात्र राक्षस चांगला उपयोगी पडतो, फक्त त्याला मारायचं नाही. ट्रॅक्टरच्या आवाजाने जागं होणारं जनावर दाखवा. पहिल्या अंकात ते घराएवढं असतं. वैशूला हळूहळू कळतं की ते कधी उठतं, कशाने उठतं, कुणी जवळ बसलं की केवढं होतं. शेवटीही ते असतं, पण ओसरीत मावण्याइतकं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. हा क्रम कथेच्या रचनेत थेट वापरता येतो. बऱ्याच पटकथा दहाव्या पानावरच नायिकेला डोहाशी नेऊन उभं करतात, कारण तिथे थरार आहे. तिला आधी एखादी जागा द्या जिथे जनावर येत नाही. आजीची गोधडी असेल, केळीच्या बागेतला पंपाचा खोलीवजा आडोसा असेल. ती जागा वाचकाच्या ओळखीची झाली की मगच डोह.

परत आणण्याचा प्रवास

वैशू डोहात उतरते, खाली दुसरं जग आहे, तिथून ती भावाला आणायला निघाली आहे. सावित्रीची कथा लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला हा मार्ग समजावून सांगावा लागत नाही. यात वेग आहे, आशा आहे, वाटेत भेटणारी पात्रं आहेत. पण जागा खूप लागते. शंभर पानांच्या आत तो प्रवास खरा वाटत नाही, आणि पहिलंच कॉमिक करणाऱ्याने शंभर पानांत हात घालू नये असं मला ठामपणे वाटतं.

शेवटही अवघड आहे. भाऊ परत आला, तर ज्या मुलीचा भाऊ परत आलेला नाही तिच्याशी आपण खोटं बोललो. नाही आला, तर त्याला तिथेच सोडण्याचं कारण वैशूच्या आतून यायला हवं. दारावरच्या रखवालदाराने नियम वाचून दाखवला म्हणून ती परतली, असं चालणार नाही.

एका विषयासाठी मात्र मी हाच मार्ग निवडेन: विस्थापन. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. माणूस मेला की कुठेच नसतो, पण बुडालेलं गाव पाण्याखाली असतंच. तिथे जाऊ पाहणारी कथा वाचकाला फसवत नाही. ती कथा तिथल्या माणसांची आहे, हे मात्र विसरू नये. तुम्ही त्यांच्यातले नसाल तर आधी त्यांच्यात बसून ऐका, आणि भिल्ल-पावरा समाजाचे देव आणि विधी सजावटीसाठी उचलू नका.

भेट

तिसरा नियम असा: गेलेला परत येत नाही, पण वर्षातून एका दिवशी भेटायला येतो. खान्देशात हा नियम शोधावा लागत नाही, तो आखाजीच्या रूपाने घरात आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, वर छोटं मडकं, डांगर म्हणजे खरबूज, आंबा ठेवतात, नैवेद्य होतो, विस्तवावर आगारी म्हणजे पितरांच्या नावाचा घास टाकतात. घरोघरी रीत थोडी बदलते, म्हणून आपल्याच घरातल्या मोठ्यांना विचारून घ्यावं. आणि त्याच दिवशी, त्याच गावात निंबाला झोके बांधलेले असतात, सासरच्या मुली माहेरी आलेल्या असतात, गौराईची गाणी चाललेली असतात.

एकाच दिवसात घागर आणि झोका, हे मला या विषयासाठी फार मोलाचं वाटतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ साली शोकाबद्दल मांडलं की माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो: कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या जगण्याकडे, आणि दोन्हीकडे जाणं हेच सावरणं. त्याआधी १९९६ साली डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की गेलेल्याशी नातं तोडणं हे सावरण्याचं लक्षण मानायचं कारण नाही, नातं वेगळ्या रूपात चालू राहतं. घागर भरणाऱ्या घराला हे सांगावं लागत नाही. लेखकाने ते नीट पाहिलं की पुरे.

आता वैशूची कथा या नियमात घालून पाहा. दर अंकात एक आखाजी. पहिल्या वर्षी भाऊ येतो, उन्हातून आल्यासारखा घटाघटा पाणी पितो, आणि वैशू दारामागे लपून राहते. दुसऱ्या वर्षी ती त्याच्यावर चिडते: का उतरलास पाण्यात? तिसऱ्या वर्षी मैत्रिणी झोक्यावर बोलावतात, ती जाते, आणि संध्याकाळी तिला आठवतं की तो येऊन गेला असेल. तो सोळाचाच राहतो. चौथ्या आखाजीपर्यंत ती सोळाची होते, दोघं एका उंचीची. पाचव्या वर्षी ती त्याच्याहून मोठी आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही समजावून सांगते. इथे कुणी कुणाला हरवलेलं नाही, तरी प्रत्येक अंकात काहीतरी हललं आहे.

या मार्गाचे तोटे लपवणार नाही. पहिल्या चार पानांत काही स्फोटक घडत नाही. चित्रकाराला चेहरे आणि हात काढता आले पाहिजेत, पंख आणि तलवारी इथे मदतीला येत नाहीत. आणि नियम काटेकोर हवा. भाऊ काय खातो, कुणाला दिसतो, कधी जातो, घागर भरलीच नाही तर काय होतं, हे पहिल्या अंकाआधी लिहून ठेवा आणि मध्येच सोयीसाठी वाकवू नका. एकदा वाकवलेल्या नियमावर वाचक पुन्हा विश्वास ठेवत नाही.

माझा कल उघड आहे. शोक मध्यवर्ती असेल तर भेट निवडा. भीती मध्यवर्ती असेल तर न मरणारा राक्षस निवडा. वैशूसारखी दोन्ही असलेली कथा असेल तर जनावर पहिल्या दोन आखाज्यांत आणा, नंतर त्याला छोटं होऊ द्या.

कुठलाही मार्ग घेतलात तरी एक मोह टाळा: पाच राज्यं, पाच दारं, पाच रत्नं. या मोहामागे असतात ते मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांचे १९६९ सालचे, 'शोकाचे' म्हणून ओळखले जाणारे पाच टप्पे: नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेले होते. मागे राहिलेली माणसं पायऱ्या चढल्यासारखी त्या क्रमाने जात नाहीत. एका रात्रीत बरं करणारी जादूही नको. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०२२ साली दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला वेगळं निदान म्हणून जागा दिली, तेव्हाही प्रौढांसाठी किमान बारा महिने आणि मुलांसाठी सहा महिने गेलेले असावेत, अशी अट ठेवली. तुमच्या कथेतल्या काळाला निदान तेवढी सवलत द्या.

पान की मोबाइल

छापील कॉमिकमध्ये पान उलटणं वाचकाच्या हातात असतं. म्हणून डोहाचं दृश्य नेहमी सम क्रमांकाच्या, म्हणजे उलटल्यावर डावीकडे येणाऱ्या पानावर ठेवा. ज्याला झेपत नाही तो आधीच्या पानावर थांबू शकतो. मोबाइलवर उभं सरकवत वाचताना ही सोय नसते, चित्र अंगठ्याखाली अचानक येतं. तिथे जड दृश्याआधी लांबच लांब कोरी जागा सोडा, आणि सुरुवातीलाच एका ओळीत सांगा की यात बुडून झालेला मृत्यू आहे. उलट खोलात उतरण्याचा अनुभव मोबाइलवर छापील पानापेक्षा जास्त चांगला येतो. आखाजीच्या पाच अंकांसाठी मी छापीलच घेईन.

चौकटींबद्दल शिकायचं तर अजिंठ्याला जा. जळगावपासून साधारण साठ किलोमीटर आहे. तिथल्या भिंतींवर एकच पात्र एकाच दृश्यात पुन्हा पुन्हा येतं, मध्ये चौकट नसते, आणि तरी कथा कळते. लेणं १६ मध्ये 'मरणासन्न राजकन्या' म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला हे कळल्यावर कोसळलेली त्याची पत्नी, असा त्याचा अर्थ लावतात. तिचा चेहरा पाहून झाला की भोवतीच्या बायका पाहा. दुःख किती आहे ते त्यांच्या नजरांतून कळतं. हे थेट वापरता येईल: वर्तमान चौकटीत ठेवा, आठवण चौकटीशिवाय सोडा. आघाताची आठवण अशीच येते, तिला कडा नसतात.

बोली

सगळं प्रमाण मराठीत लिहिलं तर कॉमिक पुण्या-नागपुरातही सहज वाचलं जाईल. पण वैशू दारामागून आईला खान्देशच्या अहिराणी बोलीत विचारते, "मन्हा भाऊ कथा शे?" म्हणजे माझा भाऊ कुठे आहे, आणि हा प्रश्न प्रमाण मराठीत लिहिला की तो तिच्या घरातला राहत नाही. मी निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद अहिराणीत ठेवेन. शाळेतले सर आणि डॉक्टर प्रमाणात बोलतील, भाऊ मात्र पाचही वर्षं फक्त अहिराणीत. कथा रावेर-यावलकडची असेल तर तिथली बोली वेगळी आहे, तेव्हा अहिराणी सरसकट खान्देशभर पसरवू नका. गावातल्याच कुणाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या.

अक्षरांची तयारी आधीच करा. देवनागरीत मात्रा वर जातात, उकार खाली येतात, त्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं आणि संवादांचे फुगे उंच काढावे लागतात. चित्रकाराला हे रेखाटनाच्या वेळीच सांगा. 'कलम' आणि 'बालू' हे मोफत फॉन्ट संवादांना चालतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा.

कथा तुमच्या स्वतःच्या घरातली असेल, तर लिहिताना झोप उडू लागली किंवा ते दृश्य दिवसभर डोळ्यांसमोरून हटेना, तर काम थांबवा आणि कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. कॉमिक थोडं उशिरा आलं तरी चालेल.

तयार असाल तर आधी फक्त चार पानं करा. एक कागद मध्ये दुमडला की चार पानं होतात, आणि पुढेही पिन मारून पुस्तिका करायची तर पानसंख्या चारच्या पटीतच लागते. त्यात पहिली आखाजी बसवा: घागर, दार, भाऊ, दारामागची वैशू. झेरॉक्स काढून दोघांना द्या, एक दहा-बारा वर्षांचं मूल आणि एक असा माणूस ज्याने जवळचं कुणी गमावलं आहे. मुलाला विचारा की भाऊ कोण आहे ते कळलं का. दुसऱ्याला काही विचारू नका, वाचून झाल्यावर तो काय बोलतो तेवढं ऐका आणि मगच पाचव्या पानाला हात घाला.