कलमं कोणी घेतली? स्मॉलकॅपमध्ये प्रवर्तकाची खरेदी बघावी की मोठ्या फंडाची

वाशीच्या बाजारातून आंब्याच्या विक्रीची शेवटची पट्टी आली, खत-फवारणीची उधारी भागली आणि शेजारच्या काकांच्या हातात दीड लाख उरले. देवगडात मे संपता संपता असे पैसे हातात खेळतात आणि सल्लेही फुकट मिळतात. काकांनी पडवीत बसून मोबाइल माझ्यापुढे धरला. एका छोट्या, म्हणजे स्मॉलकॅप, कंपनीच्या भागधारकांच्या यादीत एका नावाजलेल्या खासगी फंडाचं नाव आलं होतं. "त्येंनी घेतल्यानी म्हणजे कायतरी असतलाच," काका म्हणाले. दुसऱ्या एका कंपनीत म्हणे प्रवर्तक, म्हणजे कंपनीचा मूळ मालक, स्वतःच शेअर घेतोय. ती खबर मुंबईच्या पुतण्याने पाठवलेली. आता जायचं कोणाच्या मागे?

बागेच्याच भाषेत बोलायचं तर फंड म्हणजे मोहर बघून कराराने कलमं घेणारा व्यापारी, आणि प्रवर्तक म्हणजे मूळ बागायतदार. व्यापारी जाणकार असतोच, पण तो दहा बागा घेतो; दोन बुडाल्या तरी आठांत भरून काढतो. कुठलं कलम वर्षाआड धरतं, कुठल्या कोपऱ्यात तुडतुडा आधी येतो, हे मालकाला विचारावं लागतं. तोच मालक पदरचे पैसे मोजून शेजारची चार कलमं घ्यायला लागला, तर मी तरी कान टवकारतो.

पहिला फरक खबर किती शिळी आहे याचा. प्रवर्तक, संचालक किंवा कंपनीतल्या ठरावीक अधिकाऱ्यांनी एका तिमाहीत १० लाख रुपयांवर व्यवहार केला, तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचं, आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत शेअर बाजाराला. म्हणजे मासळी ताजी आहे तोवर तुमच्या दारात. फंडाचं नाव दिसतं ते तिमाही यादीत, तेही एक टक्क्याच्या वर हिस्सा गेला तरच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली खरेदी ३० जूनच्या यादीत येते, आणि ती यादी द्यायला कंपनीला २१ दिवस मिळतात. साडेतीन महिने! एका दिवसात एकाच गुंतवणूकदाराने कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरांची उलाढाल केली, तर ती शेअर बाजाराच्या 'बल्क डील' यादीत भावासकट त्याच संध्याकाळी दिसते. पण शहाणे लोक स्मॉलकॅपमध्ये थोडं थोडंच उचलतात.

दुसरा फरक पैशाच्या वजनाचा, आणि इथे बहुतेक लोक फसतात. ४०० कोटींच्या कंपनीत फंडाने दीड टक्का घेतला म्हणजे ६ कोटी. आपल्याला आकडा मोठा वाटतो. पण फंड १२०० कोटींचा असेल तर तो त्याच्या पैशातला अर्धा टक्का झाला, चाखून बघायला घेतलेली फोड. काका मात्र सगळे दीड लाख त्यावर लावायला निघालेले. शिवाय अशा खासगी, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंडात शिरायलाच साधारण १ कोटी लागतात. त्यातल्या एखाद्या बड्या गुंतवणूकदाराने पैसे परत मागितले, तर कंपनी चांगली असूनही शेअर विकावे लागू शकतात. त्याचं कारण आपल्यापर्यंत येत नाही.

माझं तोंड यात एकदा पोळलंय. असंच एक नाव बघून शेअर घेतले, पुढच्या तिमाहीत यादीतून नाव गायब. सगळे विकले, की थोडे विकून एक टक्क्याखाली आले? यादीवरून कळायला मार्ग नाही. बाकीच्यांनाही तीच धडकी भरली असावी, कारण लागोपाठ पाच दिवस लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाला जितका पडू शकतो तितका पडलेला, आणि समोर खरेदीदार नाही.

मग प्रवर्तकाच्या मागे डोळे मिटून जावं? मुळीच नाही. जाहीर झालेल्या व्यवहारात 'कशा प्रकारे घेतले' असा एक रकाना असतो. खुल्या बाजारातून रोख पैसे मोजून घेतले असतील तरच ती माझ्या लेखी खरेदी. इसॉप (कर्मचाऱ्यांना कंपनीकडून मिळणारे शेअर), घरातल्या घरात हस्तांतर, वारसा हे सगळं 'खरेदी' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं. वॉरंट्सचं, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायच्या हक्काचं, तर विचारूच नका: सुरुवातीला फक्त २५ टक्के भरायचे आणि १८ महिन्यांत ठरवायचं. भाव पडला तर विसार सोडून देतात. सोबत तारण ठेवलेले शेअरही बघायचे. एका हाताने घेणारा आणि दुसऱ्या हाताने गहाण टाकणारा मालक बागेत काय करतो ते आपल्याकडे सांगायला नको.

उलट, प्रवर्तक घेत नाही म्हणून नाक मुरडू नये. ७५ टक्क्यांवर हिस्सा नेताच येत नाही. २५ टक्क्यांहून जास्त असणाऱ्याला वर्षात ५ टक्क्यांपर्यंतच वाढवता येतो, पुढे खुली ऑफर, म्हणजे बाकी भागधारकांचे शेअर घ्यायची जाहीर तयारी, आणावी लागते. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत आतल्यांना व्यवहार बंद असतो. आणि एकदा घेतलं की सहा महिने उलटा सौदा करता येत नाही, हे मला फार आवडतं. सहा महिने अडकायची तयारी फंडाच्या नावामागे असेलच असं नाही.

फंडवाल्यांकडून घ्यायची गोष्ट वेगळी: कारण. अमेरिकेतला नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफेट, त्याने १९५६ मध्ये आपल्या ओमाहा शहरात नातेवाईक-मित्रांची भागीदारी सुरू केली. पुढे सॅनबॉर्न मॅप या, विमा कंपन्यांसाठी नकाशे बनवणाऱ्या कंपनीत त्याने मोठा पैसा घातला. नकाशांचा धंदा आटत होता, पण कंपनीच्या स्वतःच्या गुंतवणुकी शेअरमागे ६५ डॉलरच्या आणि शेअर मिळत होता ४५ ला. हे त्याने भागीदारांना पत्रात समजावलं ते काम उरकल्यावर. ते पत्र वाचून खरेदी करणाऱ्याला उशीरच झाला असता, पण ताळेबंद कसा उलगडायचा ते नक्की कळलं असतं.

म्हणून बाग राखून उरलेल्या वेळात शेअर बघणाऱ्याने प्रवर्तकाची खरेदी आधी बघावी असं माझं मत. त्यातही एकाच आठवड्यात दोन-तीन संचालकांनी, पडत्या भावात, बाजारातून घेतलेली सगळ्यात वर. फंडाचं नाव दिसलं तर त्याने का घेतलं असेल ते आपण शोधावं. सापडलं नाही तर सोडावं.

काकांना मी पुतण्याने सांगितलेल्या कंपनीचा तो रकाना उघडून दिला. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून वाचलं. ऑफ मार्केट. भेट. देणारी आणि घेणारा, दोघांचंही आडनाव एकच.

"म्हणजे आवशीन झिलाक दिल्यान?"

दीड लाख तूर्त बँकेतच आहेत.