खोक्यावरची तीन विशेषणे: एका स्पीकरजोडीचे परीक्षण

शेल्फवर मावणाऱ्या या स्पीकरजोडीच्या खोक्यावर ‘उबदार, पारदर्शी, दमदार’ अशी तीन विशेषणे छापलेली आहेत. चार महिने रोज ऐकल्यानंतर त्यांतले पहिले खरे, दुसरे फुगवलेले आणि तिसरे स्पीकर कोठे ठेवता यावर अवलंबून, असे माझे मत झाले आहे.

आवाज उबदार म्हणतात तेव्हा साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यातले, म्हणजे खालच्या बाजूचे, स्वर किंचित उचललेले असतात आणि ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, थोडे मवाळ असते. त्यामुळे पुरुषी गळ्याला किंवा चेलोला भरीवपणा येतो, आणि या जोडीवर तीन तास ऐकूनही कान शिणत नाहीत. मात्र हाच उठाव जरा वाढला की आवाज गढूळ होतो. बेस गिटार आणि पियानोचा डावा हात एकत्र आले की कोण काय वाजवते आहे ते येथे वेगळे काढता येत नाही. ध्वनिमुद्रणात स्वतःची भर न घालणारा स्पीकर पारदर्शी, आणि उबदारपणा ही तर उघडच भर आहे. ही दोन्ही विशेषणे शेजारीशेजारी छापणाऱ्याने ती बहुधा एकत्र वाचलेली नसावीत.

‘दमदार’ हे विशेषण बेसचे, म्हणजे खालच्या स्वरांचे; त्याबद्दल सुरुवातीला माझाच गैरसमज झाला. स्पीकर भिंतीला टेकवून ठेवले होते, तेव्हा ढोलाचा प्रत्येक ठोका घुमत राही आणि पुढच्या ठोक्यात मिसळे. भिंत खालच्या स्वरांना बळ देते. स्पीकर अर्धा मीटर पुढे ओढताच घुमणे बरेच ओसरले आणि ठोके सुटे ऐकू येऊ लागले. ज्याला ‘घट्ट’ बेस म्हणतात तो हाच. तरीही लहान वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या पडद्याच्या) मर्यादा राहतातच: बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, आणि तिचा मूळ स्वर येथे जवळजवळ ऐकूच येत नाही.

‘स’ आणि ‘श’ टोचत नाहीत, हे मवाळ ट्रेबलचेच देणे. झांजांची चमकही त्यातच गेली आहे.

साउंडस्टेज आणि इमेजिंग हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिल्यात आवाजाच्या मंचाची रुंदी-खोली येते, दुसऱ्यात त्या मंचावर प्रत्येक वाद्याची नेमकी जागा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण केल्यावर गायिका दोन्हींच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत उभी राहते. मंचाला खोली मात्र फारशी नाही.

आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर इतरांच्या मानाने अधिक क्षीण भासतात, आणि तेव्हा हा उबदार उठाव कामी येतो. माझे ऐकणे बहुतेक रात्रीचे, हळू आवाजातले असल्याने ही जोडी मी परत केलेली नाही.