दूरच्या सर्व्हरवर फाइल पाठवताना: एससीपी, एसएफटीपी की आरसिंक?

टर्मिनलमधून दूरच्या सर्व्हरवर फाइल पाठवायची म्हटले की बहुतेकांची बोटे आपोआप एससीपी या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडकडे वळतात, आणि त्यात गैर काहीच नाही. कॉपी करण्याच्या नेहमीच्या कमांडमध्ये सर्व्हरचे नाव आणि एक कोलन एवढीच भर घातली की काम होते. मीही अनेक वर्षे तेच केले. आज माझे रोजचे काम दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणाऱ्या आरसिंकवर चालते, पण एससीपी आणि एसएफटीपी (जोडणी करून एकेक कमांड देत फाइली पाठवण्याचे साधन) या उरलेल्या दोन्हींची गरज मला अजूनही पडते, म्हणून कोणते कुठे वापरावे हे अनुभवाच्या आधारे मांडतो. तिन्ही साधने सामान्यतः एसएसएचवरूनच, म्हणजे दूरच्या संगणकाशी होणाऱ्या कूटबद्ध जोडणीवरूनच चालतात, त्यामुळे सुरक्षिततेच्या दृष्टीने निवड करण्यासारखे फारसे काही उरत नाही. किल्ल्या, पोर्ट आणि कॉन्फिग फाइल वाचकाला परिचित आहेत, असे मी गृहीत धरतो.

ज्या एका त्रासामुळे माझी निवड ठरली, तो आधी सांगतो. एका डेटाबेसचा सुमारे ४० गिगाबाइटचा, जीझिपने आवळलेला बॅकअप मी रात्री एससीपीने दुसऱ्या सर्व्हरवर पाठवत होतो. मध्येच नेटवर्क अडखळले, प्रगती दाखवणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘स्टॉल्ड’ हा शब्द उमटला आणि थोड्या वेळाने जोडणी तुटली. पुन्हा सुरुवातीपासून पाठवावे लागणार, याचे मला तेव्हा वाईट वाटले. पण खरा धोका वेगळाच होता आणि तो माझ्या लक्षात आला नाही. पोहोचलेला अर्धा भाग त्या सर्व्हरवर अंतिम नावानेच पडून होता. सकाळी सहकाऱ्याने डिरेक्टरी पाहिली, त्यात अपेक्षित नावाची, आजच्या तारखेची, भरपूर मोठी फाइल दिसली, आणि काम झाले असे समजून त्याने आदल्या आठवड्याचा बॅकअप काढून टाकला. काही दिवसांनी ती फाइल उघडायला घेतली तेव्हा जीझिपने ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ असे कळवले. मूळ प्रत शिल्लक असल्यामुळे डेटा वाचला, पण पूर्ण फाइल आणि अर्धवट फाइल बाहेरून सारखीच दिसते, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

आरसिंक याच ठिकाणी वेगळे वागते. येणारा डेटा ते आधी त्याच डिरेक्टरीत, बिंदूने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहिते, फाइल पूर्ण आल्यावर तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून पाहते आणि मगच तिला खरे नाव देते. त्यामुळे अंतिम नावाने जे दिसते ते पूर्ण असते, आणि जुनी फाइल असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत ती जशीच्या तशी राहते. चालू वेबसाइटवरील फाइली बदलताना याचे मोल विशेष जाणवते.

इथे एक सावधगिरीची सूचना मात्र आवर्जून द्यायला हवी. तुटलेले काम तिथूनच पुढे चालू राहावे म्हणून अनेक जण आरसिंकला ‘पार्शियल’ हा पर्याय देतात. मोठ्या लिपीतला ‘पी’ दिला तरी त्यात तो येतोच. त्या पर्यायाने अर्धवट फाइल पुन्हा अंतिम नावानेच मागे राहते, म्हणजे ज्या अडचणीतून सुटायचे तीच परत येते. मी त्याऐवजी ‘पार्शियल-डिर’ वापरतो, ज्यात अर्धा भाग वेगळ्या लपवलेल्या डिरेक्टरीत ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. माझ्या मते एवढा एक पर्याय लक्षात ठेवला तरी आरसिंककडे वळण्याचे कष्ट वसूल होतात.

एसएफटीपीलाही अर्धवट राहिलेली फाइल पुढे चालू ठेवता येते. त्यासाठी ‘रीपुट’ आणि ‘रीगेट’ या कमांड आहेत. पण आधी पोहोचलेला भाग मूळ फाइलशी खरोखर जुळतो का, हे त्या तपासत नाहीत, फक्त जिथे लांबी संपते तिथून पुढचे बाइट जोडतात. मधल्या काळात मूळ फाइल बदलली असेल तर दोन वेगळ्या फाइलींचे तुकडे एकत्र होतात, आणि हा इशारा ओपनएसएसएचच्या (एससीपी आणि एसएफटीपी ज्यात येतात त्या एसएसएच संचाच्या) मॅन्युअलमध्येही दिलेला आहे. बदल होत नाहीत अशा फाइलींसाठी हे चालण्यासारखे आहे. सतत बदलणाऱ्या लॉगसाठी मी ते वापरणार नाही.

एससीपीबद्दल अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की ते आता पूर्वीचे राहिलेले नाही. त्याचा मूळ प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीची पद्धत, आरसीपी या जुन्या कॉपी कमांडकडून आलेला होता. २०१९ मध्ये ओपनएसएसएचच्या ८.० आवृत्तीसोबत त्याच्या विकासकांनीच तो कालबाह्य असल्याचे सांगून एसएफटीपी किंवा आरसिंक वापरण्याची शिफारस केली, आणि २०२२ मधील ९.० आवृत्तीपासून एससीपीची कमांड तीच ठेवून आतून एसएफटीपी प्रोटोकॉल वापरला जाऊ लागला. दूरच्या फाइलनावातील रिकाम्या जागांसाठी दुहेरी अवतरणचिन्हांची जी कसरत करावी लागे, ती त्यामुळे संपली. एखादी कॉन्फिग फाइल चटकन पाठवायची असेल तर मी आजही एससीपीच लिहितो. एसएफटीपी मला उपयोगी पडते ते जिथे खात्याला शेलच, म्हणजे कमांड चालवण्याची सोयच, दिलेली नाही तिथे: अनेक प्रशासक बाहेरच्या लोकांना फक्त एसएफटीपीपुरती परवानगी देतात, आणि आरसिंकला पलीकडेही आरसिंक बसवलेले लागत असल्याने तिथे त्याचा काही इलाज चालत नाही.

वेगाविषयी मी मोजमाप केलेले नाही, अनुभव सांगतो. एकच मोठी फाइल पहिल्यांदा पाठवताना तिघांत जाणवण्याजोगा फरक मला दिसला नाही. हजारो लहान फाइली असल्या की एससीपी रेंगाळते. तीच डिरेक्टरी दुसऱ्यांदा पाठवायची असेल तर मात्र तुलनाच उरत नाही, कारण आरसिंक आकार आणि बदलाची वेळ जुळणारी फाइल न उघडताच पुढे जाते, आणि बदललेल्या फाइलीतही फक्त बदललेले तुकडे पाठवते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ते प्रसिद्ध केले तेव्हापासून त्याची मूळ युक्ती हीच आहे: घेणारी बाजू आपल्याकडील जुन्या फाइलचे तुकडे करून प्रत्येकाचे दोन चेकसम कळवते, एक झटपट काढता येणारा आणि दुसरा भक्कम, आणि पाठवणारी बाजू आपल्या फाइलवर एकेक बाइट पुढे सरकत जुळणारे तुकडे शोधते. माझ्या त्या बॅकअपसारख्या आवळलेल्या फाइलींना मात्र याचा फायदा जवळजवळ मिळत नाही, कारण आत थोडा बदल झाला तरी त्यापुढचे सगळे बाइट बदलतात. शिवाय वेळेची नोंद टिकवणारा ‘ए’ किंवा ‘टी’ पर्याय विसरला तर पुढच्या खेपेला वेळा जुळत नाहीत आणि प्रत्येक फाइल नव्याने तपासली जाते.

आरसिंकमध्ये नवख्याला सर्वाधिक त्रास देते ती स्रोत डिरेक्टरीच्या शेवटची तिरपी रेघ. ती दिली तर डिरेक्टरीतील मजकूर जातो, न दिली तर डिरेक्टरी स्वतःच जाते आणि पलीकडे एक पातळी जास्त तयार होते. त्यात ‘डिलीट’ हा पर्याय जोडलेला असेल तर चुकीच्या ठिकाणच्या, स्रोतात नसलेल्या फाइली पुसल्या जाऊ शकतात, म्हणून तो लिहिला की मी आधी ‘ड्राय-रन’ देऊन काय घडणार आहे याची यादी पूर्ण वाचतो आणि नंतरच तीच ओळ ‘ड्राय-रन’शिवाय चालवतो. ज्यांचे काम अधूनमधून एखादी फाइल पाठवण्यापुरतेच आहे त्यांनी एवढे शिकावेच असा माझा आग्रह नाही. पण ज्यांची फाइल गिगाबाइटमध्ये आहे, नेटवर्क भरवशाचे नाही आणि ती पोहोचली की नाही हे दुसरेच कोणी पाहणार आहे, त्यांनी आजच आरसिंककडे वळावे असे मला वाटते.