वॉशिंग्टनमधला आमचा पगारी माणूस: दीड वर्षाचा अनुभव

अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं आमचं शहर जेमतेम ६० हजार वस्तीचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शहराने वॉशिंग्टनची एक लॉबिंग फर्म (सरकारदरबारी शहरासाठी खेटे घालणारी) नेमली, महिना ७,५०० डॉलरवर. करार संपत आला तेव्हा ठेवायची की बदलायची हा प्रश्न अर्थसमितीपुढे आला. मी त्या समितीवर बिनपगारी सदस्य, त्यामुळे कागद चाळायचं काम ओघानेच माझ्या गळ्यात पडलं.

आपल्याकडे नगराध्यक्ष स्वतः फाइल काखेत मारून मंत्रालयाचे उंबरे झिजवतात. इथे त्यासाठी माणूस ठेवतात. केंद्राच्या अनुदानातून त्याचे पैसे देता येत नाहीत, म्हणजे ते आमच्याच घरपट्टीतून जातात.

आधी जे खटकलं ते सांगते. दर तिमाहीला फर्मचा चकचकीत अहवाल यायचा. 'मिळवून दिलेला निधी' या रकान्यात पहिलीच ओळ सीडीबीजीची, म्हणजे शहरांच्या विकासासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या अनुदानाची. हा निधी लोकसंख्या, गरिबी, जुनी घरं अशा सूत्राने येतो आणि १९७४ च्या कायद्यापासून चालू आहे. कुणी खेटे घातले नाहीत तरी तो येतोच. पाऊस पडला की श्रेय बेडकाने घ्यावं, तसला प्रकार! मी बैठकीत त्या ओळीवर बोट ठेवलं, तर व्हिडिओ कॉलवरचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही त्यावर लक्ष ठेवतो." लक्ष तर मीही ठेवते.

पण खरं काम कुठे झालं तेही सांगायला हवं. २०११ मध्ये बंद झालेले खासदारांच्या शिफारशीचे प्रकल्प २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. आम्ही अर्ज केला तेव्हा हाऊसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, सदस्याला वर्षाला जास्तीत जास्त १५ प्रकल्प सुचवता यायचे. आम्हाला जुनी जलवाहिनी बदलायची होती. अर्ज तयार झाला, सगळे खूश. फर्मच्या पोरीने फोनवर एवढंच विचारलं, "तुमचे २० टक्के कुठून येणार?" पाण्याच्या कामांना स्थानिक वाटा लागतो आणि आमच्या बजेटमध्ये त्याची साधी ओळही नव्हती. कौन्सिलने घाईघाईत ठराव केला. तो एक फोन मला कित्येक अहवालांपेक्षा मोलाचा वाटला.

प्रकल्प हाऊसच्या समितीच्या यादीत लागलाही. पण मार्च २०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नवं बजेट करण्याऐवजी उरलेल्या वर्षाचा कामचलाऊ ठराव मंजूर केला, आणि देशभरातले असे सगळेच प्रकल्प गळाले. समितीतले दोघे म्हणाले, पैसे फुकट गेले, हाकला यांना. मला ते पटलं नाही. जिथे सगळ्यांचाच मांडव कोसळला, तिथे आमच्या आचाऱ्याला काय बोलणार?

माझी शंका वेगळीच होती. लॉबिंगचे तिमाही अहवाल कायद्याने जाहीर करावे लागतात, घरबसल्या शोधता येतात. एका रात्री जेवण उरकून आमच्या फर्मचं नाव टाकलं. आमचे तिमाहीचे २२,५०० तिथे २०,००० दिसले. त्यात घोटाळा नाही, आकडा दहा हजारांच्या पटीत लिहायचा नियमच आहे. पण त्याच यादीत शेजारचं शहरही सापडलं. तोच मतदारसंघ, तोच सदस्य, त्याच १५ जागा. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बेकायदा काही नाही, पण एकाच वकिलाने दोन्ही भावांच्या वाटणीची केस घ्यावी तसं झालं.

विचारलं तेव्हा उत्तर आलं, "दोन्ही शहरांचे विषय वेगळे आहेत." त्यांच्याही अर्जात पाण्याची टाकी होती!

नवी फर्म आणायची तर तिला आमचे पाइप, आमचे अधिकारी, आमचा सदस्य समजून घेण्यातच सहा महिने जाणार, आणि अर्जांचा हंगाम वसंतात. म्हणून मी ठेवण्याच्या बाजूने मत दिलं, पण फक्त एका वर्षासाठी. ३० दिवसांच्या नोटिशीवर करार मोडता येईल, त्याच मतदारसंघातलं दुसरं गिऱ्हाईक घेतलं तर आधी लेखी कळवायचं, आणि फोनवर तीच पोरगी हवी, असं नव्या करारात घातलं. शेवटच्या अटीवर सगळे हसले, पण ती राहिली. पाचपैकी साडेतीन तारे.

परवा नवा तिमाही अहवाल आला. सीडीबीजीची ओळ गेली आहे. रकाना बराच रिकामा दिसतो.