मॅसडेव्हालिया वीचियाना : चौदा महिने सांभाळल्यावर

रात्री पंखा लावल्याशिवाय तुमच्या घरात झोप येत नसेल, तर हे ऑर्किडचं झाड घेऊ नका. बाकी सगळं जमवता येतं, थंड रात्र जमवता येत नाही.

मी राहते सॅन फ्रान्सिस्कोत, समुद्राकडच्या सनसेट भागात. जुलैतही संध्याकाळी स्वेटर लागतो. इथल्या धुक्याला लोकांनी ‘कार्ल’ असं नाव ठेवलंय. मला ते पावसाळ्यातल्या आंबोलीसारखं वाटतं, फक्त गरम भजी नाहीत. गोल्डन गेट पार्कमध्ये 1879 सालचं काचघर आहे, त्यात उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरांवरच्या वनस्पतींचं वेगळं, थंड दालन आहे. हा नाद तिथे लागला.

झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातलं, कुस्को प्रांतातलं. माचू पिचूच्या आसपास, दोन ते चार हजार मीटर उंचीवर, खडकांच्या फटींत आणि गवताळ उतारांवर वाढतं. तिथले क्वेचुआ लोक त्याला ‘वाकांकी’ म्हणतात, म्हणजे ‘तू रडशील’. हे मला विकत घेतल्यानंतर कळलं.

युरोपात ते 1860 च्या दशकात पोचलं. रिचर्ड पियर्सने इंग्लंडच्या वीच नर्सरीसाठी गोळा केलं आणि 1868 मध्ये रायखेनबाख या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलं. त्या काळी तिकडचे हौशी लोक ‘उष्ण कटिबंधातलं’ एवढं ऐकून झाडं तापवलेल्या, कोंदट काचघरांत ठेवायचे. पेरूकडच्या अँडीज पर्वतातली कितीतरी ऑर्किडं अशी उकडून मेली. हसू नका, मीही पहिले दोन महिने ते स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या खिडकीत ठेवलं होतं. दोन कळ्या पिवळ्या पडून गळल्यावर मागच्या जिन्यावर हलवलं. तिथे सकाळचं कोवळं ऊन आणि रात्री 10 ते 13 अंश. तिथे गेल्यावर महिनाभरात नवी पानं फुटली.

आलं तेव्हा कुंडीत मॉस, म्हणजे शेवाळ, दाबून दाबून भरलेलं होतं आणि मधली मुळं कुजलेली. लेबलवर मात्र ‘सोपं’ असं लिहिलेलं! फेब्रुवारीत ते सगळं काढून नवं स्फॅग्नम मॉस सैलसर भरलं, कुंडीही लहान घेतली. या जातीला पाणी साठवणारं फुगीर खोड नसतं, त्यामुळे मॉस कधीच कोरडं पडू द्यायचं नाही आणि चिखलही होऊ द्यायचा नाही. पिळून काढलेल्या फडक्याइतका ओलावा बरोबर. पाण्याच्या बाबतीत माझं नशीब चांगलं, इथे नळाला हेच हेची धरणाचं, सिएरा नेवाडा डोंगरांवरच्या बर्फाचं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी येतं. बोअरचं पाणी असेल तर पावसाचं साठवा. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत. मी एकदा अर्धी मात्रा दिली, तर पानांची टोकं काळी पडली.

सप्टेंबरात खरं रडू आलं. इथला उन्हाळा तेव्हा येतो. तीन दिवस जमिनीकडून कोरडे गरम वारे, घरात 33 अंश, आणि इथल्या बऱ्याच घरांना एसी नसतो. तिसऱ्या दिवशी हिरवीगार पानं नुसता हात लागला की देठापासून सुटायला लागली. अकरा गेली. बर्फाच्या बाटल्या, बाथरूमची फरशी, सगळं करून झालं. शेवटी आजीचा माठ आठवला. मोठ्या कच्च्या मातीच्या कुंडीत ओली वाळू भरली, त्यात झाडाची कुंडी बसवली आणि समोर छोटा पंखा लावला. हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडतं आणि कुंडी गार राहते. मुळांशी 24 अंशांच्या वर काटा गेला नाही. दमट हवेत, म्हणजे आपल्या कोकणात वगैरे, ही युक्ती फारशी चालणार नाही.

आता फुलाबद्दल. वीत-दीड वीत उंच दांडा, त्यावर एकच फूल. आपण पाकळ्या समजतो ती खरी निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं, पाकळ्या आत इवल्याशा दडलेल्या. रंग केशरी, त्यावर बारीक जांभळी लव. ऊन तिरपं पडलं की ती लव पेटल्यासारखी चमकते, इंद्रधनुषी साडीचा पदर हलावा तशी. फोटोत हे अजिबात येत नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर म्हणाली, “अगं, अबोली कसली छान आलीय!” वास नाही. मोगऱ्याच्या सवयीच्या नाकाला ते खटकतं.

पुण्याच्या मावसबहिणीला हेच हवं होतं. नाही म्हटलं. एप्रिल-मेच्या रात्री तिथे पारा विशीच्या खाली फारसा येत नाही. तिला सांगितलं, सह्याद्रीतली एखादी आमरी, म्हणजे आपल्याकडचं ऑर्किड, लाव, पण रोपवाटिकेत वाढवलेली, जंगलातून ओरबाडलेली नको.

चौदा महिन्यांत पाच फुलं आली. सहावी कळी गेल्या आठवड्यात गोगलगाईने खाल्ली, दांडा तेवढा शिल्लक ठेवलाय. काल कुंडीभोवती तांब्याची पट्टी चिकटवली. शेजारी अजून एक दांडा निघतोय, बोटाच्या पेराएवढा.