जेराल्डीन पेज की ज्युली हॅरिस : एकीचाच अभ्यास करायचा झाल्यास

रंगभूमी आणि पडदा या दोन्ही ठिकाणी आयुष्यभर काम केलेली एखादी अमेरिकन अभिनेत्री निवडावी आणि तिची कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पाहावी, असा विचार हौशी नाटकवाल्यांच्या मनात कधी ना कधी येतोच. अशा वेळी कॅथरीन हेपबर्नचे नाव सर्वांत आधी सुचवले जाते आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांना तारकेच्या तेजापेक्षा नटीच्या कामाची घडण पाहायची आहे, त्यांनी जेराल्डीन पेज आणि ज्युली हॅरिस या दोघींचा विचार करावा, असे मी सुचवीन. आमच्या छोट्या नाट्य-अभ्यासगटासाठी मलाही या दोघींतून एकीची निवड करावी लागली होती, आणि ती वाटली होती तितकी सोपी नव्हती.

दोघींची तुलना करणे अन्यायाचे नाही, कारण दोघींचा आरंभ जवळजवळ सारखा आहे. पेज यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1924 रोजी मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे झाला, तर हॅरिस यांचा 2 डिसेंबर 1925 रोजी मिशिगनमधील ग्रोस पॉइंट येथे. पेज शिकागोच्या गुडमन नाट्यशाळेत शिकल्या, हॅरिस काही काळ येलच्या नाट्यविभागात होत्या, आणि पुढे दोघींचेही नाव न्यूयॉर्कच्या ‘अ‍ॅक्टर्स स्टुडिओ’ या नटांच्या कार्यशाळेशी जोडले गेले. 1952 हे वर्ष दोघींच्याही दृष्टीने महत्त्वाचे ठरले. टेनेसी विल्यम्स यांचे ‘समर अँड स्मोक’ हे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, फारसे न चाललेले नाटक त्या वर्षी होजे किंतेरो यांनी ‘सर्कल इन द स्क्वेअर’ या लहानशा रंगगृहात नव्याने बसवले आणि त्यातील अल्माच्या भूमिकेमुळे पेज यांचे नाव एकदम गाजले. छोट्या रंगगृहांच्या ऑफ-ब्रॉडवे चळवळीला खरा जोर त्या प्रयोगाने दिला, असे नाट्येतिहासकार मानतात. त्याच वर्षी हॅरिस यांना ‘आय अ‍ॅम अ कॅमेरा’मधील सॅली बोल्सच्या भूमिकेसाठी पहिला टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीवरचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला. ही दोन्ही नाटके पुढे पडद्यावर आली तेव्हा दोघींसमोर नायक म्हणून लॉरेन्स हार्वेच होता, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

पुरस्कारांचा हिशेब मात्र उलटासुलटा आहे. हॅरिस यांना स्पर्धेतून पाच टोनी मिळाले, ऑस्कर एकही नाही. पेज यांना आठव्या नामांकनात एक ऑस्कर मिळाला, पण चार नामांकनांनंतरही टोनी एकही नाही. पेज यांचे शेवटचे टोनी नामांकन नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइद स्पिरिट’मधील मादाम आर्काटीसाठी होते, आणि त्याच नाटकाचे प्रयोग चालू असताना 13 जून 1987 रोजी त्यांचे निधन झाले. पुढे 2009 मध्ये अँजेला लॅन्सबरी यांनी हीच भूमिका करून पाचवा टोनी मिळवला आणि हॅरिस यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. अशा नोंदी गप्पांत रंगत आणतात. निवड करताना त्यांचा उपयोग होत नाही.

उपलब्धतेच्या बाबतीत पेज यांचे पारडे जड आहे, हे सुरुवातीलाच मान्य केले पाहिजे. रंगभूमीवर गाजलेल्या त्यांच्या दोन मोठ्या भूमिका, म्हणजे ‘समर अँड स्मोक’मधील अल्मा आणि ‘स्वीट बर्ड ऑफ यूथ’मधील उतरत्या काळातील चित्रतारका अलेक्झांड्रा डेल लागो, त्यांनी स्वतःच अनुक्रमे 1961 आणि 1962 मध्ये पडद्यावर केल्या. दुसऱ्या चित्रपटाचा शेवट तेव्हाच्या नीतिनियमांमुळे बराच सौम्य करावा लागला, पण बाईंचे काम त्यामुळे उणावले नाही. हॅरिस यांच्या वाट्याला ही सोय अर्धीमुर्धीच आली. ‘आय अ‍ॅम अ कॅमेरा’चा 1955 चा चित्रपट नाटकाच्या मानाने फिका आहे, ‘फॉर्टी कॅरट्स’ पडद्यावर आले तेव्हा त्यांची भूमिका लिव्ह उलमन यांच्याकडे गेली, आणि ‘द लार्क’मधील जोन ऑफ आर्क व ‘द लास्ट ऑफ मिसेस लिंकन’ यांच्या केवळ दूरचित्रवाणीसाठी केलेल्या आवृत्त्या झाल्या, ज्या शोधताना चिकाटी लागते. घरबसल्या जे सहज मिळेल तेच पाहायचे असेल, तर पुढचे वाचण्याची गरज नाही. पेज यांचीच निवड करावी.

शिवाय पेज यांच्या कामातील आवाका खरोखरच थक्क करणारा आहे. 1953 मध्ये जॉन वेनसमोर ‘होंडो’मध्ये माळरानावर मुलाला घेऊन एकटी राहणारी स्त्री, 1966 मध्ये ट्रुमन कपोटीच्या ‘अ ख्रिसमस मेमरी’च्या दूरचित्रवाणी रूपांतरात मुलाबरोबर केक करणारी भाबडी वृद्ध नातलग, 1978 मध्ये वुडी अ‍ॅलनच्या ‘इंटिरियर्स’मध्ये घरातील प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस जागच्या जागी असावा असा आग्रह धरणारी, आतून मोडत चाललेली आई: या बायका एकमेकींच्या दूरच्या नात्यातीलही वाटत नाहीत. ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ या 1985 च्या चित्रपटाबद्दल तर वेगळे सांगायला नको. ह्यूस्टनच्या छोट्याशा घरात मुलगा-सुनेबरोबर घुसमटलेली, निवृत्तिवेतनाचा धनादेश लपवून आपल्या जुन्या गावी निघालेली कॅरी वॉट्स त्यांनी अशी उभी केली आहे, की तिचा हट्ट, लबाडी आणि दुःख वेगळे काढता येत नाही. मार्च 1986 मध्ये ऑस्करचे पाकीट उघडणाऱ्या एफ. मरी अब्राहम यांनी नाव वाचण्याआधीच, इंग्रजी भाषेतील सर्वांत थोर अभिनेत्री मी यांनाच मानतो, असे व्यासपीठावरून सांगितले होते. हा चित्रपट पाहिल्यावर त्या उद्गारात मला फारशी अतिशयोक्ती वाटली नाही.

असे असूनही आमचे पाऊल अडले ते पेज यांच्या हातांपाशी. त्यांचा एखादा चित्रपट सुटा पाहिला तर ही गोष्ट जाणवणार नाही, किंवा जाणवली तरी सुखावेल. पण ओळीने एकामागून एक कामे पाहू लागलो की हळूहळू लक्षात येते, की वाक्य पुरते होण्याआधीच बोटे गळ्याशी किंवा केसांशी जातात, तिथून हवेत कुठेतरी तरंगतात; बोलण्याच्या मधेच एक अर्धे हसू फुटते आणि तिथेच विरते; शेवटचा शब्द एकतर वर उडतो नाहीतर श्वासात बुडतो. अल्माच्या बाबतीत हे सारे चपखल आहे, कारण ती पाद्र्याची चिंताक्रांत मुलगी बोलताना उगाच हसते, तिची छाती धडधडते, आणि तिच्या या नखऱ्यांची नक्कल गावातले लोक करतात, असे नाटकातच तिला ऐकवले जाते. डेल लागो तर पेशाने नटीच आहे. तिने हातवारे करू नयेत तर कोणी करावेत? पण 1960 च्या दशकात ‘अ‍ॅक्टर्स स्टुडिओ’ने केलेल्या चेखॉव्हच्या ‘थ्री सिस्टर्स’चे चित्रीकरण पाहताना, शाळेच्या कामाने थकलेल्या, शांत स्वभावाच्या ओल्गामध्येही मला मधूनमधून अल्माच डोकावताना दिसली. किम स्टॅन्लीने केलेली तिची बहीण माशा शेजारी असल्यामुळे ते अधिक जाणवले असावे, हेही खरे.

केवळ प्रेक्षक म्हणून मी याकडे दुर्लक्ष केले असते. खरी अडचण आमच्या गटात निर्माण झाली. पेज यांचे चित्रपट पाहण्याचा क्रम सुरू केल्यावर काही आठवड्यांतच तालमीत लोकांचे हात बदलले. एका एकांकिकेत सरकारी कारकुनाची भूमिका करणारा आमचा एक तरुण नट साहेबांसमोर उभा राहून बोटे गळ्याशी नेऊ लागला. दुसरी एक मुलगी, जिचे बोलणे एरवी सरळ आणि ठसठशीत आहे, ती वाक्याच्या मध्ये हसू लागली आणि तिला ते कळतही नव्हते. पेज ज्या आतल्या कारणाने हात उचलतात ते कारण कोणाच्या हाती लागत नव्हते, हात मात्र सर्वांना मिळाला होता. दोष पेज यांचा नसून पाहणाऱ्यांचा आहे, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. तरीपण ज्या नटीच्या लकबी इतक्या लवकर अंगाला चिकटतात, तिचा दीर्घ अभ्यास शिकाऊ माणसाने करावा का, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच निकालात निघाला. ज्यांना अभिनय करायचा नसून केवळ त्याचा आस्वाद घ्यायचा आहे, त्यांनी हा सगळा परिच्छेद विसरावा.

हॅरिस यांच्याकडे वळल्यावर असे काही झाले नाही, आणि याचे कारण त्यांची नक्कल करायला गेल्यास हाताला काही लागतच नाही. सडपातळ अंगकाठी, चारचौघींत उठून न दिसणारा चेहरा आणि किंचित चिरकणारा आवाज, एवढ्याच सामग्रीवर त्या उभ्या असतात. इलिया कझान यांच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये जेम्स डीन सतत काहीतरी करत असतो, वळतो, आक्रसतो, अंग टाकतो, आणि त्याच्यासमोरची हॅरिस यांची अ‍ॅब्रा ऐकत असते. पहिल्यांदा पाहताना सर्वांचे डोळे डीनवर खिळतात. दुसऱ्यांदा उंच पाळण्यातला प्रसंग पाहताना लक्षात येते, की त्याचे प्रत्येक वाक्य आपल्यापर्यंत तिच्या चेहऱ्यावरून पोहोचते आहे. डीनला आपल्या दिग्दर्शनापेक्षा हॅरिस यांच्या ममतेने अधिक सांभाळले, अशा अर्थाचे कझान यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. आमच्या गटात या प्रसंगावर जितकी चर्चा झाली तितकी पेज यांच्या कोणत्याही प्रसंगावर झाली नव्हती, कारण पेज यांनी काय केले ते सर्वांना दिसले होते, आणि हॅरिस यांनी नेमके काय केले ते शोधण्यासाठी चित्रफीत पुन्हा मागे न्यावी लागत होती.

रॉबर्ट वाइज यांचा 1963 चा ‘द हाँटिंग’ हा या दृष्टीने त्यांचा सर्वांत उपयुक्त चित्रपट ठरावा. भुताटकीच्या या कथेत भूत एकदाही दिसत नाही. दारे फुगतात, भिंतींवर धक्के बसतात, आणि बाकीचे सगळे हॅरिस यांनी केलेल्या एलेनॉरच्या चेहऱ्यावर घडते. तिचे मनोगत ध्वनिपट्टीवर ऐकू येत असताना तोच विचार चेहऱ्यावर दाखवला तर द्विरुक्ती होते आणि दाखवलाच नाही तर चेहरा कोरा राहतो. हॅरिस यांचा चेहरा त्या आवाजाच्या किंचित पुढे किंवा किंचित मागे चालतो, आणि या बाईला घराची भीती वाटते की घर हवेसे वाटते, याचा निर्णय आपल्याला शेवटपर्यंत करता येत नाही.

त्यांच्या 1976 च्या ‘द बेल ऑफ अ‍ॅमहर्स्ट’ या एकपात्री प्रयोगाचे चित्रीकरण उपलब्ध आहे, आणि एकपात्री प्रयोगांची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यात शिरायला वेळ लागणार नाही. विल्यम ल्यूस यांनी एमिली डिकिन्सनच्या आयुष्यावर आणि लेखनावर बेतलेल्या या नाटकात पांढऱ्या पोशाखातील कवयित्री पाहुण्यांना केकची कृती सांगत सांगत आपल्या घरात घेते. एकटीने दोन अंक सांभाळायचे म्हटल्यावर आवाज बदलून पात्रे उभी करण्याचा मोह कोणालाही होईल. हॅरिस तो जवळजवळ टाळतात. वडिलांविषयी बोलताना त्या वडील होत नाहीत, वडिलांसमोर उभी असलेली मुलगी होतात. पाचवा टोनी याच भूमिकेचा.

हॅरिस निर्दोष आहेत असे नाही. रंगभूमीवर लांबच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी कमावलेला त्यांचा कंप पावणारा आवाज कॅमेऱ्याजवळ कधीकधी जास्त होतो, आणि ‘नॉट्स लँडिंग’ या मालिकेतील 1980 च्या दशकातली वर्षे अभ्यासकाने वगळली तरी चालतील. आणखी एक व्यावहारिक सूचना. ज्यांच्याकडे एखाददुसऱ्या रविवारपेक्षा अधिक वेळ नाही, त्यांनी हॅरिस यांचा नाद सोडून ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ पाहावा. एकाच चित्रपटात इतके भरभरून देणारे काम हॅरिस यांच्या चित्रपटांत मला सापडलेले नाही. ज्यांच्यापाशी वर्षभराची सवड आणि तालमीची जागा आहे, त्यांचा मार्ग बहुधा वेगळा असावा.

त्यांनी सुरुवात ‘द हाँटिंग’ने करावी, मग ‘ईस्ट ऑफ ईडन’ आणि त्यानंतर ‘द बेल ऑफ अ‍ॅमहर्स्ट’ पाहावे. ज्या भूमिकेने हॅरिस यांना नाव मिळवून दिले ती कार्सन मॅककलर्सच्या ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’मधील बारा वर्षांची फ्रँकी मात्र सर्वांत शेवटी ठेवावी. 1950 मध्ये एम्पायर थिएटरमध्ये हे नाटक आले तेव्हा हॅरिस चोवीस वर्षांच्या होत्या आणि फ्रेड झिनेमन यांनी 1952 मध्ये चित्रपट केला तेव्हा सव्वीस. रंगमंचावर खपलेले वयातील हे अंतर कॅमेऱ्यासमोर लपत नाही, आणि हाच चित्रपट आधी पाहिला तर नवखा प्रेक्षक तेवढेच पाहत बसतो. बाकीची कामे पाहून झाल्यावर वयाकडे लक्ष जात नाही. मग स्वयंपाकीण झालेल्या एथेल वॉटर्सच्या स्वयंपाकघरात केस कातरलेली ती मुलगी टेबलाभोवती घिरट्या घालत असताना ती नेमकी कोणत्या शब्दावर वळते, एवढेच टिपून ठेवावे आणि पुढच्या तालमीला त्यापासून सुरुवात करावी.